लिनक्सवरील घरगुती नेटवर्क : बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्याची पद्धत

घरातले इंटरनेट बंद पडले की बहुतेक जण प्रथम राऊटर बंद करून पुन्हा चालू करतात आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणकही. पुष्कळदा त्याने कामही होते, परंतु बिघाडाच्या क्षणी राऊटरने कोणाला कोणता पत्ता दिला होता आणि संगणकाला शेजारची कोणती यंत्रे दिसत होती आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, काय नोंदवले होते, हा सारा पुरावा त्या एका बटणाने पुसला जातो आणि तोच बिघाड चार दिवसांनी परत येतो तेव्हा आपण पुन्हा शून्यावर असतो. म्हणून बटणाला हात लावण्यापूर्वी कर्नलचे संदेश पाहून ते एका फायलीत उतरवून ठेवावेत. त्यासाठी ‘डीएमईएसजी’ ही कमांड आहे. संगणक आधीच पुन्हा चालू केला असेल तर ‘जर्नलसीटीएल’ला ‘-के’ आणि ‘-बी -१’ हे पर्याय दिल्यास मागच्या वेळचे कर्नल-संदेश मिळतात. मात्र त्यासाठी त्या नोंदी डिस्कवर राखून ठेवण्याची सोय आधीपासून चालू असावी लागते. या लेखात कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत, आणि जिथे अधिकार कमी पडतील तिथे आधी ‘सुडो’ लावावे.

अनेक वर्षे स्वतःची आणि नातेवाइकांची यंत्रे दुरुस्त करताना मला एक गोष्ट पटली आहे. जे बिघाड कधी दिसतात आणि कधी आपोआप नाहीसे होतात, त्यांच्या मुळाशी बहुधा एकाच वस्तूवर हक्क सांगणारे दोघे असतात. ती वस्तू कधी आयपी पत्ता असते, कधी नेटवर्क कार्ड, कधी संरचनेची, म्हणजे सेटिंगची, एखादी फाइल, तर कधी हवेतली एक लहर. पूर्णपणे मेलेली वस्तू शोधणे सोपे असते. दोन हक्कदार शोधायला मात्र पायरीपायरीने वर जावे लागते.

पायऱ्या अशा आहेत. सर्वांत खाली तार किंवा वायफायची जोडणी येते. ‘आयपी लिंक’ या कमांडमध्ये कार्डाच्या नावापुढे ‘अप’ आणि ‘लोअर अप’ असे दोन्ही शब्द दिसले तर कार्ड चालू आहे आणि पलीकडे कोणीतरी जोडलेले आहे असे समजावे. त्यानंतर ‘आयपी ॲड्रेस’ने पत्ता पाहावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने राऊटरकडे पत्ता मागितला, उत्तर मिळाले नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ आहे. घरातला नेहमीचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पुढे ‘आयपी रूट’मध्ये ‘डिफॉल्ट’ या शब्दापुढे जो पत्ता दिसतो, म्हणजे राऊटरचा, त्याला ‘पिंग’ करावे, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहावे, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ ला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राऊटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष बहुधा राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे असतो. बाहेरचा पत्ता उत्तर देतो पण नाव चालत नाही, तर दोष केवळ नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएसमध्ये आहे आणि केबल ओढूनताणून पाहण्यात वेळ घालवू नये. जी पायरी अडली तिच्या वरच्या पायऱ्यांचा विचार तोवर करू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

एका पत्त्याचे दोन धनी

गिरगावात आमच्या चाळीतल्या घराच्या भिंती जाड आहेत आणि पुढच्या खोलीतले वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नसे. म्हणून आम्ही दुसरा राऊटर आणला आणि फायबरच्या डब्याच्या, म्हणजे मुख्य राऊटरच्या, लॅन पोर्टमधून (घरातल्या जोडणीच्या खाचेतून) तार काढून ती या राऊटरच्याही लॅन पोर्टमध्ये घातली. दोन दिवस सर्व सुरळीत चालले. नंतर मात्र रोज कोणाचे तरी इंटरनेट जाई. सकाळी माझा लॅपटॉप अडे, दुपारी वडिलांचा फोन, आणि पुन्हा जोडणी केली की कधी चाले, कधी नाही. सेवा देणाऱ्याकडून माणूस आला, त्याने बाहेरची फायबर तपासली आणि ती निर्दोष असल्याचे सांगितले. त्याचे म्हणणे खरे होते.

उलगडा ‘आयपी नेबर’ या कमांडने झाला. ती शेजारच्या यंत्रांचे आयपी पत्ते आणि त्यांच्या कार्डांचे मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक कार्डाची स्वतःची ओळख, शेजारीशेजारी दाखवते. इंटरनेट चालू असताना १९२.१६८.१.१ समोर एक मॅक पत्ता होता आणि बंद असताना दुसराच. दोन्ही डबे कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आले होते, दोघेही इतरांना पत्ते वाटत होते, आणि ज्याचे उत्तर संगणक धरून ठेवी तिकडे सारी वाहतूक जाई. दुसऱ्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या खाचेत, काहीच जोडलेले नसल्यामुळे तिकडे गेलेली वाहतूक तिथेच थांबत असे.

यावर उपाय सोपा आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. दुसरा राऊटर मुख्य डब्यापासून सोडवावा, लॅपटॉप एकट्या त्यालाच तारेने जोडावा, त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलावा, पत्ते वाटण्याचे म्हणजे डीएचसीपीचे काम बंद करावे आणि मगच त्याची तार मुख्य डब्याच्या लॅन पोर्टला जोडावी. नवा पत्ता मुख्य डबा ज्या पल्ल्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा असल्याची खात्री करून घ्यावी. नाहीतर तोच झगडा नव्या पत्त्यावर सुरू होईल. पत्ते वाटणारे दोघे आहेत का हे थेट पाहायचे असेल तर ‘टीसीपीडंप’ ही ये-जा करणारी वाहतूक दाखवणारी कमांड ६७ आणि ६८ या डीएचसीपीच्या पोर्टांवर (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, सेवेचा क्रमांक) लावून ठेवावी आणि त्याच संगणकाची जोडणी तोडून पुन्हा करावी. दोन निरनिराळ्या यंत्रांकडून पत्त्याचा देकार आला तर शंका उरत नाही.

राऊटर एकच असूनही दोन संगणक एकाच पत्त्यावर येऊ शकतात. घरच्या सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या यंत्रात उतरवली असेल तर दोन्ही यंत्रांच्या ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘मशीन-आयडी’ ही फाइलही सारखीच असते. सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचा) नेटवर्क-व्यवस्थापक पत्ता मागताना आपली ओळख त्या फायलीवरून तयार करतो, त्यामुळे मॅक पत्ते वेगळे असूनही राऊटर दोघांना एकच समजू शकतो. नव्या यंत्रातली ती फाइल रिकामी करून ‘सिस्टिमडी-मशीन-आयडी-सेटअप’ चालवावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. अशी शंका आली तर ‘एआरपिंग’ला ‘-डी’ हा पर्याय, कार्डाचे नाव आणि तो पत्ता द्यावा. दुसरे कोणी उत्तर दिले तर पत्ता आधीच कोणाकडे तरी आहे.

संगणकाच्या आतही असा प्रकार घडतो. जोडण्या सांभाळणारी नेटवर्कमॅनेजर ही सेवा चालू असताना जुन्या लेखातून वाचून कोणी पत्ता मागणारी डीएचसीपीसीडी ही दुसरी सेवा बसवली, तर एकाच कार्डावर दोघे पत्ता मागतात आणि ‘आयपी ॲड्रेस’मध्ये एका कार्डाखाली एकाच जाळ्यातले दोन पत्ते दिसतात. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ने दोन्ही सेवांची स्थिती पाहावी आणि एकच ठेवावी. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही डीएनएसचा पत्ता असलेली फाइल हाताने दुरुस्त करूनही पुन्हा जुन्यासारखी होत असेल तर तिथेही दुसरा धनी आहे; ती फाइल न बदलता तिच्या धन्याच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलावा.

कार्ड, ड्रायव्हर आणि नाव

कार्ड मुळी दिसतच नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ने वायफाय बटणाने किंवा सॉफ्टवेअरने बंद केलेले नाही ना, हे आधी पाहावे. मग ‘एलएसपीसीआय’ला ‘-के’ हा पर्याय द्यावा. प्रत्येक कार्डाखाली सध्या वापरात असलेला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, आणि त्या कार्डावर हक्क सांगू शकणाऱ्या मॉड्यूलची (कर्नलला जोडता येणाऱ्या ड्रायव्हरची) नावे दिसतात. रिअलटेकच्या तारेच्या कार्डांसाठी कर्नलबरोबर ‘आर८१६९’ येतो आणि कंपनीचा ‘आर८१६८’ वेगळा बसवता येतो; ब्रॉडकॉमच्या काही वायफाय कार्डांवर ‘बी४३’ आणि ‘डब्ल्यूएल’ असे दोन दावे असतात. दोन्ही बसवलेले असतील तर कोणता आधी कार्ड ताब्यात घेईल यावर सारे अवलंबून राहते. नको असलेल्या ड्रायव्हरचे नाव ‘ब्लॅकलिस्ट’ या शब्दासह ‘ईटीसी’मधील ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरातल्या फायलीत लिहावे, उबंटू किंवा डेबियनवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावे आणि मग यंत्र पुन्हा सुरू करावे. माझे मत विचाराल तर कर्नलबरोबर येणारा ड्रायव्हर चालत असेल तोवर कंपनीचा बसवूच नये, कारण कर्नल अद्ययावत झाला की वेगळा बसवलेला ड्रायव्हर मागे पडण्याचा धोका राहतो. फर्मवेअर, म्हणजे कार्डात भरावे लागणारे सॉफ्टवेअर, सापडले नसल्याचा आणि शेवटी ‘-२’ असा आकडा असलेला संदेश दिसला तर मात्र भांडण नसून फाइलच नाही. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जून २०२३ पासून, अशी फर्मवेअर स्थापनेच्या अधिकृत माध्यमातच मिळतात.

नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवल्याबरोबर नेटवर्क गेले, तर कार्ड बिघडले असे समजून बाजारात धावू नये. २०१३ पासून सिस्टिमडी कार्डाला त्याच्या जागेवरून नाव देते. ‘ईएनपी३एस०’ यातला ३ हा पीसीआय बसचा, म्हणजे कार्डे जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या मार्गाचा, क्रमांक आहे. नव्या कार्डामुळे बसचे क्रमांक सरकतात, तेच कार्ड ‘ईएनपी४एस०’ होते आणि जुन्या नावासाठी लिहिलेली संरचना लागू होत नाही. संरचना नावाऐवजी मॅक पत्त्याशी बांधावी म्हणजे हे पुन्हा होत नाही.

जुन्या आयएसए या कार्ड-जोडणीच्या काळात प्रत्येक कार्डाला इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधण्याच्या इशाऱ्याचा, क्रमांक हाताने नेमून द्यावा लागे, आणि ध्वनिकार्ड व नेटवर्क कार्ड दोघांनी ५ क्रमांक मागितला की दोन्ही अडत. आता बहुतेक पीसीआय एक्स्प्रेस कार्डे संदेशरूपाने स्वतंत्र इंटरप्ट देतात, त्यामुळे हा प्रकार विरळा झाला आहे. तरीही कर्नलच्या संदेशांत एखादा इंटरप्ट कोणीच घेतला नसल्याची आणि म्हणून तो बंद केल्याची नोंद दिसली, तर ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडून तो क्रमांक कोणाकडे आहे ते पाहावे आणि प्रथम मदरबोर्डचा बायॉस अद्ययावत करावा. लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि विंडोजमधून आल्यावरच कार्ड अडत असेल, तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण त्यामुळे यंत्र खऱ्या अर्थाने बंद होत नाही.

हवा, तार आणि घड्याळ

मुंबईच्या इमारतींत एका मजल्यावर चार-सहा घरे आणि प्रत्येक घरात एक राऊटर असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच निवडता येतात. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ने कोणता चॅनेल मोकळा आहे ते पाहावे आणि शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्‌झ वापरावा. २.४ च्या पट्ट्यावर आणखी एक अनपेक्षित हक्कदार असतो. यूएसबी ३ च्या डिस्क व तारा त्या पट्ट्यात गोंगाट पसरवतात, हे इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात मांडले आहे. बाहेरची डिस्क लावल्यावरच वायफाय मंदावत असेल किंवा बिनतारी माऊस अडखळत असेल, तर डिस्क लांब तारेवर दूर ठेवावी किंवा माऊसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावावा.

तारेकडे या शहरात विशेष लक्ष द्यावे लागते. खाऱ्या दमट हवेने आणि पावसाळ्यात जोडणीच्या पिनांवर गंज चढतो. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात. एक जरी तुटली तरी जोडणी अनेकदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते आणि सारे चालू असल्यासारखे दिसते. ‘ईथटूल’ला कार्डाचे नाव देऊन वेग पाहावा आणि ‘आयपी -एस लिंक’मध्ये चुकांचा आकडा वाढत आहे का ते पाहावे. नवी तार घेताना, मग ती लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा नाक्यावरच्या दुकानातून, आतली तार पूर्ण तांब्याची आहे, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही, हे विचारून घ्यावे.

पिंग चालतो, नावेही चालतात, परंतु प्रत्येक संकेतस्थळ प्रमाणपत्राची तक्रार करते, तेव्हा ‘टाइमडेटसीटीएल’ने तारीख पाहावी. तारीख काही वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी बहुधा संपली आहे. घड्याळ नेमके साडेपाच तास पुढे असेल तर तो विंडोज आणि लिनक्स यांच्यातला वाद आहे. विंडोज यंत्रातल्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते आणि लिनक्स तीच जागतिक वेळ समजून त्यात साडेपाच तास मिळवते.

घरातल्या सर्व पायऱ्या ठीक असूनही बाहेरून आपल्या सर्व्हरवर येता येत नसेल, तर राऊटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर सेवा देणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. अशा वेळी राऊटरमध्ये पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरची जोडणी घरापर्यंत येत नाही. सेवा देणाऱ्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा किंवा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मिळत असेल तर सर्व्हर त्यावर चालवावा.