जुन्या गाडीतलं घड्याळ: आधी पॉइंट बघा, तेल नंतर

1960 च्या दशकातल्या मर्सिडीझमधलं कीन्त्सले कंपनीचं घड्याळ असो की अमेरिकी गाड्यांतलं बोर्गचं, आत मोटर नसते. घड्याळ चालतं स्प्रिंगवर. एक-दोन मिनिटांत ती उतरली की दोन पॉइंट (विजेचा संपर्क जोडणारी टोकं) एकमेकांना टेकतात, कॉइलला करंट मिळतो, आर्मेचर (कॉइलच्या चुंबकाने हलणारा लोखंडी भाग) झटक्यात स्प्रिंगला चावी देतं आणि त्याच झटक्यात पॉइंट सुटतात. अधूनमधून येणारा ‘टक’ तो हाच.

बॅटरी उतरली की या झटक्यातला जोर जातो. पॉइंट टेकलेलेच राहतात, कॉइल तापते. काही घड्याळांत अशा वेळी सुटावा म्हणून कमी तापमानाला वितळणारा कथिलाचा सांधा दिलेला असतो. तो सुटला तर कॉइल वाचली असं समजा.

घड्याळ काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. काचेची रिंग दाबून वळवलेली असते; बोथट स्क्रूड्रायव्हरने गोल फिरत थोडी थोडी उचला, एका जागी जोर लावला तर ती कायमची वाकते. काटे उपसताना डायलवर कागद ठेवा.

मल्टिमीटरने कॉइल तपासा. ती तुटलेली असेल तर नवी गुंडाळून घेण्यावाचून इलाज नाही. शाबूत असेल तर पॉइंटमधून 1500 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी हलकेच ओढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कानशीने घासू नका, वरचा मुलामा जातो.

सुटलेल्या सांध्याला नेहमीचं 60/40 कथिल (60 टक्के कथिल, 40 टक्के शिसं) लावणं ही सर्रास होणारी चूक. ते 183 अंशांच्या पुढे वितळतं, तोवर कॉइलचं इन्सुलेशन धोक्यात येतं. 138 अंशांना वितळणारं बिस्मथ-कथिल वापरा, पण आधीचं सगळं खरवडून. जुन्यात शिसं असेल तर मिश्रण शंभराच्या आतच मऊ पडतं आणि सांधा विनाकारण सुटतो.

चिकट झालेलं जुनं तेल पेट्रोलने नव्हे, अल्कोहोलनेच काढा. बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) आणि हेअरस्प्रिंग (त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग) यांना मात्र त्यात बुडवू नका. घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने फक्त आसांच्या टोकांना लावा. हेअरस्प्रिंगवर आणि पॉइंटवर थेंबही नको. डब्ल्यूडी-40 तर लांबच ठेवा.

टेबलावर 12 व्होल्ट द्या, मध्ये 1 अँपिअरचा फ्यूज हवाच. चोवीस तास चालू द्या. पुढे-मागे जात असेल तर रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी दांडी) केसभरच हलवा आणि पुन्हा दिवसभर बघा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर घड्याळाचा फ्यूज काढून ठेवा, कारण गाडीची चावी बंद असली तरी त्याला करंट मिळत असतो.