बहिर्वक्र भिंगाची प्रतिमा: आधी पडद्यावर, मग कागदावर

वस्तूचे स्थान आणि प्रतिमेचे स्वरूप यांचा तक्ता पाठ करण्याआधी बहिर्वक्र (मध्यभागी जाड, कडेला पातळ) भिंग, मेणबत्ती, पांढरा पुठ्ठा आणि मोजपट्टी घेऊन अंधाऱ्या खोलीत बसावे, म्हणजे तो तक्ता पाठ करण्याची गरजच उरत नाही.

प्रथम नाभीय अंतर काढावे. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरून दूरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट उमटेपर्यंत ते मागेपुढे सरकवावे. इतक्या दुरून येणारे किरण जवळजवळ समांतर असल्याने एका बिंदूपाशी, म्हणजे नाभीपाशी, एकत्र येतात, म्हणून भिंग आणि भिंत यांतील अंतर हेच नाभीय अंतर होय. (भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये.) हे अंतर १० सेमी आले असे धरू.

आता ज्योत आणि पुठ्ठा एकमेकांपासून ४५ सेमीवर ठेवून भिंग ज्योतीपासून ३० सेमीवर आणावे. पुठ्ठ्यावर ज्योतीची उलटी, निम्म्या उंचीची प्रतिमा दिसेल. बाकी काही न हलवता भिंग ज्योतीपासून १५ सेमीवर आणले, तर प्रतिमा पुन्हा स्पष्ट होते, मात्र या वेळी ती दुप्पट उंचीची असते. दोन्ही वेळा हिशेब एकच आहे: भिंगापासून ज्योत आणि पुठ्ठा यांच्या अंतरांच्या व्यस्तांची बेरीज नाभीय अंतराच्या व्यस्ताइतकी येते, १/३० + १/१५ = १/१०. ज्योत आणि पुठ्ठा यांतील अंतर ४० सेमीपेक्षा, म्हणजे नाभीय अंतराच्या चौपटीपेक्षा, कमी केले तर भिंग कोठेही ठेवले तरी स्पष्ट प्रतिमा मिळत नाही.

हेच कागदावर काढताना ज्योतीच्या टोकापासून दोन किरण पुरेसे असतात. मुख्य अक्षाला (भिंगाच्या मध्यातून त्याला लंब जाणाऱ्या रेषेला) समांतर जाणारा किरण अपवर्तनानंतर, म्हणजे भिंगात वळल्यानंतर, नाभीतून जातो, आणि प्रकाशीय मध्यातून, म्हणजे भिंगाच्या मध्यबिंदूतून, जाणारा किरण न वळता सरळ जातो; ते जेथे छेदतात तेथे टोकाची प्रतिमा असते. हे दोन किरण केवळ आपल्या सोयीचे आहेत, प्रतिमा तेवढ्यांनीच बनते असे नाही, आणि आकृत्या काढून काढून विद्यार्थी नेमके हेच विसरतात. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून पाहावा: प्रतिमा अर्धी न होता पूर्णच राहते, फक्त मंद होते, कारण ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सर्व भागांवर पडत असतात.

ज्योत भिंगापासून ६ सेमीवर आणली, तर भिंगातून बाहेर पडणारे किरण एकमेकांपासून दूर जातात. आकृतीत ते तुटक रेषांनी मागे वाढवावेत. ज्योतीच्याच बाजूला, भिंगापासून १५ सेमीवर, अडीचपट मोठी, सुलटी आणि आभासी प्रतिमा मिळते. पुठ्ठा कोठेही धरला तरी ती त्यावर उमटत नाही. पलीकडच्या बाजूने भिंगातून पाहिले तरच ती दिसते.