विज्ञान-गणिताचे शिक्षक व्हायचे असल्यास: चार वर्षांचा एकात्मिक बी.एस्सी.बी.एड. कसा निवडावा आणि कसा पूर्ण करावा

महाराष्ट्राच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' विषयाच्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, भिंगे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे ही प्रकरणे आहेत, तर दुसऱ्या भागाची सुरुवात आनुवंशिकता व उत्क्रांतीपासून होते. अनेक शाळांत हे दोन्ही भाग एकच शिक्षक शिकवतो आणि वेळापत्रकात गणिताचे तासही त्याच्याच नावावर असतात. त्याची स्वतःची पदवी मात्र बहुधा एकाच विषयातली असते आणि अध्यापनाचे शिक्षण त्याने पदवीनंतर, विषयापासून वेगळे असे घेतलेले असते. शाळेला एका माणसाकडून जे हवे असते आणि पदवीने त्याला जे दिलेले असते, त्यांतील हे अंतर कमी करण्यासाठी विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर शिक्षक होण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने त्याकडे केवळ 'एक वर्ष वाचते' एवढ्याच हिशेबाने पाहू नये. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचा बी.एड. यांच्या तुलनेत एक वर्ष वाचते हे खरे. पण या मार्गाचा मोठा लाभ असा की विषय शिकत असतानाच तो मुलांना कसा समजेल याचाही विचार सुरू होतो.

ही कल्पना नवी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६०च्या दशकात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक संस्था स्थापन केल्या आणि तेथे विज्ञान व शिक्षणशास्त्र एकत्र शिकवणारे चार वर्षांचे अभ्यासक्रम सुरू झाले. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये भोपाळच्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हावी, असे म्हटले आहे. त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम' अधिसूचित केला आणि २०२३-२४ या वर्षापासून निवडक संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'आयटेप' म्हणतात.

पहिला निर्णय स्तराचा घ्यावा. हा कार्यक्रम पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक अशा शालेय स्तरांनुसार विभागलेला आहे आणि प्रत्येक संस्थेला ठरावीक स्तरांचीच परवानगी मिळालेली असते. विज्ञान-गणित शिकवू इच्छिणाऱ्याने मध्य (सहावी ते आठवी) किंवा माध्यमिक (नववी ते बारावी) स्तर निवडावा. आधी प्रवेश घेऊ, स्तराचे नंतर पाहू, असे करू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य धरता येणार नाही, असा निकाल दिला आहे. त्यामुळे कोणत्या इयत्तांना शिकवायचे, हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच ठरलेले असावे.

दुसरा निर्णय विषयगटाचा. बारावीला जीवशास्त्र ठेवून गणित सोडलेल्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. सहावी ते आठवीसाठीच्या केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये गणित आणि विज्ञान यांचा मिळून ६० गुणांचा एकच विभाग असतो आणि शाळाही या दोन विषयांसाठी बहुधा एकच शिक्षक नेमते. माझे स्पष्ट मत असे आहे की, शक्य असेल त्याने बारावीपर्यंत गणित सोडू नये. सुटले असेल, तर निदान दहावीपर्यंतचे बीजगणित आणि भूमिती पदवीच्या पहिल्याच वर्षी पुन्हा पक्के करावे. ज्याला पुढे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे आहे, त्याला बी.एड.बरोबर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून चार वर्षांत एका विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी पुरेसे होतील का, हे संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी संस्थेची 'एनसीईटी' ही सामाईक परीक्षा द्यावी लागते. ती मराठीसह १३ भाषांत देता येते. तीत दोन भाषा, विद्यार्थ्याने निवडलेले तीन विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन अभियोग्यता असे भाग असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. कोणत्या संस्थेला कोणते तीन विषय चालतात, हे अर्जात विषय निवडण्यापूर्वीच पाहावे. गुण चांगले मिळूनही विषयांची जुळणी चुकली तर त्यांचा उपयोग होत नाही.

संस्था निवडताना इमारत आणि माहितीपत्रक यांपेक्षा तीन गोष्टींची चौकशी करावी. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि स्तराला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, ही पहिली. केवळ 'संस्था मान्यताप्राप्त आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. संस्थेचे एखाद्या शाळेशी कायमचे नाते आहे का, ही दुसरी. भोपाळच्या संस्थेच्या आवारातच तिची स्वतःची प्रात्यक्षिक बहुउद्देशीय शाळा आहे. अशा ठिकाणी सकाळी प्रकाशाचे अपवर्तन शिकलेला विद्यार्थी त्याच आठवड्यात तोच घटक शाळेतल्या मुलांसमोर कसा मांडला जातो, हे पाहू शकतो. तिसरी चौकशी सर्वांत महत्त्वाची आणि तीच बहुतेकांकडून राहते: आशययुक्त अध्यापनाचे, म्हणजे विषयाचा आशय आणि तो शिकवण्याची पद्धत एकत्र शिकवणारे, तास कोण घेते? भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक एकत्र बसून पाठांची आखणी करत असतील, तर अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने एकात्मिक आहे. दोन विभाग आपापले तास घेऊन मोकळे होत असतील, तर विद्यार्थ्याला दोन पदव्या एका वेळापत्रकात मिळतात आणि त्यांची सांगड त्याला एकट्याने घालावी लागते. हे जाणून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या टाचणवह्या, म्हणजे पाठांची आखणी लिहिलेल्या वह्या, पाहणे.

पहिली दोन वर्षे विषयाच्या भक्कम तयारीसाठी द्यावीत. मात्र शेजारी बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तके कायम असावीत आणि ती मराठी व सेमी इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतली असावीत, कारण नोकरी कोणत्या माध्यमाच्या वर्गात लागेल हे आधी सांगता येत नाही. पदवीचे एखादे प्रकरण संपले की शालेय पुस्तकात तोच घटक कोठे आणि कोणत्या इयत्तेत येतो, ते शोधून त्यावर एक साधा प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

उदाहरणार्थ, दोलक घ्यावा. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला लहान दगड बांधून तो थोड्याशा कोनातून सोडला, तर एका पूर्ण आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात. दोरा पंचवीस सेंटीमीटर केला की एकच सेकंद लागतो. लांबी चौथाई झाली, तर वेळही चौथाई होईल, अशी मुलांची अपेक्षा असते; प्रत्यक्षात तो निम्मा होतो, आणि वर्गमूळ नावाची गणिताच्या तासाची गोष्ट विज्ञानाच्या तासात डोळ्यांसमोर उभी राहते. आणखी एक बारकावा येथे दिसतो. दहा आंदोलने मोजताना कित्येक मुले दगड सोडतानाच 'एक' म्हणतात. मग 'दहा' म्हणेपर्यंत प्रत्यक्षात नऊच आंदोलने झालेली असतात, वीसऐवजी अठरा सेकंद मिळतात आणि उत्तर दोनऐवजी १.८ सेकंद येते. मुलाचा भागाकार बरोबर असतो, घड्याळ बरोबर असते, सूत्रही बरोबर असते. चूक मोजणी कोठून सुरू करायची यात असते. केवळ उत्तर तपासणाऱ्या शिक्षकाला ती सापडत नाही. मुलाजवळ उभे राहून त्याची मोजणी ऐकणाऱ्याला सापडते. असे क्षण वहीत तारखेसह नोंदवत गेल्यास चौथ्या वर्षापर्यंत जी वही तयार होते, तिची सर कोणत्याही विकतच्या मार्गदर्शकाला येणार नाही.

मुंबईत मानखुर्द येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करत आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील मुक्तांगण विज्ञान शोधिका येथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनवण्याचे काम अनेक वर्षे केले. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ग्रामीण सरकारी शाळांतही प्रयोगांतून विज्ञान शिकवता येते हे दाखवून दिले. या तिन्ही ठिकाणच्या कामाची ओळख पदवीच्या काळातच करून घ्यावी.

छात्रसेवाकालाच्या, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाच्या, आधी सूक्ष्म अध्यापन (एकेका अध्यापन कौशल्याचा छोट्या पाठातून सराव) आणि सराव पाठ होतात. त्यांत आकर्षक तक्ते आणि पाठ टाचणाचे रकाने यांवर विद्यार्थ्यांचा फार वेळ जातो. टाचण नीट असावेच; पण प्रत्येक पाठासाठी 'मुले येथे कोणते चुकीचे उत्तर देतील?' हा प्रश्न स्वतःला विचारून त्याची उत्तरे आधी लिहून ठेवावीत. ०.२५ आणि ०.३ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर काही मुले ०.२५ सांगतात, कारण त्यांना २५ हे ३ पेक्षा मोठे दिसतात. हे ठाऊक असलेला छात्राध्यापक वर्गात गोंधळत नाही आणि मुलावर रागावतही नाही. शक्य असल्यास छात्रसेवाकालात एकाच वर्गाचे गणित आणि विज्ञान असे दोन्ही तास मागून घ्यावेत, म्हणजे आलेखाचा चढ गणितात शिकलेली मुले वेग-काळाच्या आलेखात तो ओळखतात का, हे पाहता येईल. अनेकदा ती ओळखत नाहीत.

शेवटच्या वर्षी परीक्षांचे वेळापत्रक हाताशी ठेवावे. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक आहे. राज्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिचे प्रमाणपत्र आता आजीवन वैध असते. महाराष्ट्रातील भरतीसाठी याशिवाय शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि तिच्या गुणांच्या आधारे 'पवित्र' या पोर्टलवर पसंतीक्रम भरावे लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळांची निवड मुलाखतीशिवाय होते, तर खासगी संस्थांकडे मुलाखतीसह निवडीचाही पर्याय असतो. अशा मुलाखतीत उमेदवाराचे अध्यापन कौशल्यही पाहिले जाते. तेथे नवा, देखणा पाठ करून दाखवण्याच्या मोहात पडू नये. छात्रसेवाकालात मुलांसमोर घेतलेला आणि ज्यात मुले कोठे अडखळतात हे ठाऊक झालेले आहे, असाच घटक घ्यावा, त्याचे साहित्य स्वतःबरोबर न्यावे आणि निवड समितीने शंका विचारली तर मुलाला दिले असते तसेच उत्तर द्यावे.