मिलानमध्ये कुत्रं फिरवताना कुसळं सांभाळा

मे ते ऑगस्टमध्ये मिलानच्या पार्को सेंपिओने किंवा पार्को नोर्द या बागांमध्ये कुत्र्याला वाळलेल्या गवतात शिरू देऊ नका. तिथल्या रानटी बार्लीची कुसळं पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यातून, कानातून, नाकातून ती आत घुसतात. घरी आल्यावर पंजे, काखा, कान नीट चाचपा. केसाळ कुत्र्याच्या पंजांवरचे केस उन्हाळाभर कापून ठेवलेले बरे. कुत्रं अचानक सटासट शिंकू लागलं किंवा मान वाकडी करून डोकं झटकू लागलं, तर कानात चिमटा खुपसू नका, त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. ‘फोरासाक्को’ (कुसळाचं इटालियन नाव) एवढं म्हटलं तरी त्यांना कळतं. आणि हो, शहरात पट्टा दीड मीटरपर्यंतचाच चालतो, मुसकंही जवळ बाळगावं लागतं.