कॉर्पोरेट हेरगिरीची थ्रिलर वाचताय? मग "कोणाला काय माहितीये" यावर नजर ठेवा

ऑफिसातली हेरगिरी, चोरलेला प्रोटोटाइप, दोन कंपन्यांच्या मधे अडकलेला एखादा ज्युनिअर मॅनेजर, असली कादंबरी मला प्रचंड आवडते. पण पहिली मी चुकीच्या पद्धतीने वाचली होती. लोकलमध्ये रोज वीस मिनिटं, उभ्याउभ्या, महिनाभर. शेवटी जो माणूस फितूर निघाला तो कोण हेच मला आठवेना, पन्नास पानं मागे जाऊन शोधावा लागला आणि तोवर सगळा धक्काच विरून गेला होता. त्यानंतर बरीच पुस्तकं वाचली आणि माझी एक पद्धत बसत गेली, ती सांगतो.

सगळ्यात आधी वेळ काढा. या पुस्तकांची सुरुवातीची साठ-सत्तर पानं गर्दीची असतात, दोन कंपन्या, दोन्हीकडचे बॉस, वकील, सिक्युरिटीवाले, हिरोचे घरचे, सगळे एकदम अंगावर येतात. हा भाग एका बैठकीत संपवायचा, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दोन-अडीच तास मिळाले तर उत्तमच. एकदा माणसं डोक्यात बसली की पुढचं पुस्तक लोकलमध्ये वाचा नाहीतर बँकेच्या रांगेत, काही बिघडत नाही.

आता मुख्य गोष्ट. युद्धाच्या थ्रिलरमध्ये बंदूक कोणाकडे आहे ते बघायचं असतं, इथे माहिती कोणाकडे आहे ते बघायचं. म्हणून मी बुकमार्क म्हणून लग्नपत्रिकेचा जाड कागद अर्धा कापून घेतो, त्याच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ मारतो, डावीकडे एक कंपनी, उजवीकडे दुसरी. नुसती नावं लिहून उपयोग नाही, नावापुढे त्या माणसाला आत्ता काय माहितीये ते दोन शब्दांत लिहायचं. "बॉस – प्रोजेक्ट माहिती, हेर माहिती नाही." "मैत्रीण – खोटं पकडलं, गप्प आहे." एखाद्याला नवीन काही कळलं की बाण काढायचा. दहा-बारा ओळींत अख्खं पुस्तक मावतं, आणि प्रसंग सुरू झाला की या खोलीतल्या कोणाला काय माहीत नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. सगळा थरार तिथेच आहे.

थोडी तयारीही लागते, फार नाही. पेटंट आणि ट्रेड सिक्रेट यातला फरक तेवढा समजून घ्या. पेटंट घेतलं की शोध जगापुढे उघड करावा लागतो आणि साधारण वीस वर्षांनी तो हक्क संपतो. ट्रेड सिक्रेटला अशी मुदत नाही, गुपित आहे तोवर ते कंपनीचं, आणि एकदा बाहेर फुटलं की परत गुपित होत नाही. म्हणूनच या कादंबऱ्यांत एका पेन ड्राइव्हसाठी माणसं जिवावर उदार होतात. एनडीए म्हणजे तोंड बंद ठेवण्याचा करार. इनसायडर ट्रेडिंग म्हणजे आतली बातमी बाहेर यायच्या आधीच शेअर घेऊन किंवा विकून पैसा करणं, आपल्याकडे त्यावर सेबी लक्ष ठेवते. एवढं पुरतं. चिप, अल्गोरिदम, औषधाचा रेणू वगैरे जे काही चोरीला जाणार असतं त्याचं तांत्रिक वर्णन कळलं नाही तर तिथे थांबू नका. ते आत्ता कोणाकडे आहे, कोणाला हवंय आणि ते गेलं तर कोण बुडेल, ही तीन उत्तरं मिळाली की पुढे चला.

पळापळीची पानं भरभर वाचली तरी चालतात, पण ऑफिसातली साधी पानं सावकाश वाचा. लोक नेमकं उलटं करतात. गाड्यांच्या पाठलागात फारसं काही लपलेलं नसतं, पण कॅन्टीनमध्ये कोणी सहज विचारलेला प्रश्न, प्रिंटरवर विसरलेला कागद, रात्री आठनंतर कोणाचं आयकार्ड कुठल्या दारावर टॅप झालं, लेखक खरी चावी अशा ठिकाणी ठेवतो. आणि हे काही फक्त कादंबरीत घडतं असं नाही. वेमो म्हणजे गुगलच्या घरातली, आपोआप चालणाऱ्या गाड्या बनवणारी कंपनी, तिनं उबरवर केस केली ती 2017 मध्ये. वेमोचं म्हणणं होतं की त्यांचा एक इंजिनिअर कंपनी सोडायच्या आधी 14,000 च्या वर फाइली डाउनलोड करून गेला, आणि संशय पक्का व्हायला एक ईमेल कारणीभूत ठरला, पार्ट पुरवणाऱ्या एका कंपनीनं उबरच्या सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग असलेली मेल चुकून वेमोलाही पाठवली. पुढे 2018 मध्ये जवळपास 24.5 कोटी डॉलर किमतीच्या शेअरवर तडजोड झाली. म्हणजे संशय पक्का झाला कशातून, तर चुकून सीसीत पडलेल्या एका पत्त्यातून.

2006 चं कोका-कोलाचं प्रकरण तर मी प्रत्येक नव्या वाचकाला सांगतो. कोकचीच एक कर्मचारी आणि तिचे दोन साथीदार गोपनीय कागद आणि नव्या ड्रिंकचं सँपल पेप्सीला विकायला निघाले. पेप्सीनं ते पत्र सरळ कोककडे दिलं, कोकनं एफबीआयला कळवलं. ऑफिसच्या कॅमेऱ्यात ती बाई फाइली चाळून कागद बॅगेत भरताना दिसली, आणि खरेदीदार बनून गेलेल्या एफबीआयच्या माणसानं अटलांटाच्या विमानतळावर 30,000 डॉलर दिले ते बिस्किटांच्या एका पिवळ्या खोक्यात घालून. ही घटना डोक्यात असली की कादंबरी वाचताना एक प्रश्न आपोआप पडतो, जो खरेदीदार समोर बसलाय तो खरंच खरेदीदार आहे का? माझ्या मते या प्रकारच्या पुस्तकात विचारायचा हा सगळ्यात भारी प्रश्न आहे, आणि तो पहिल्याच भेटीच्या प्रसंगात विचारायचा.

फितुरीचं कारणही शोधत राहा. गुप्तहेरीत चार कारणं सांगतात, पैसा, तत्त्व, दबाव आणि अहंकार. लेखक बहुतेक वेळा पैशाचं कारण पुढे करतो कारण ते पटकन पटतं, पण प्रमोशन डावललं गेलेला माणूस, ज्याच्या कामाचं श्रेय दुसऱ्यानं घेतलं असा माणूस, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. नोकरी केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

इंग्रजीतून वाचत असाल आणि माझ्यासारखं शिक्षण मराठी माध्यमातून झालं असेल तर पहिली चाळीस पानं जड जातील, जाऊ द्या. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडली तर वेग मरतो, आणि वेग मेला की थ्रिलरमध्ये उरतं काय. जो शब्द तीनदा आला तोच बघायचा. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पुस्तकाचं नाव चुकूनही गुगल करू नका, पहिल्या ओळीत शेवट फुटतो.

रात्री वाचत असाल तर प्रकरण संपल्यावर थांबायचं असं ठरवू नका. या पुस्तकांची प्रकरणं तीन-चार पानांची असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी मुद्दाम गळ टाकलेला असतो, दार उघडतं, फोन वाजतो, कोणीतरी ओळखीचं दिसतं, मग "अजून एकच" करत दोन वाजतात. प्रकरणाच्या मधेच थांबा, जिथे दोघं नुसते बोलत बसलेत तिथे ते बुकमार्कचं कार्ड ठेवून दिवा बंद करा. सकाळी सलग वाचताही येतं आणि झोपही होते.

पुस्तक संपलं की लगेच कपाटात टाकू नका. ते कार्ड काढा, आपण लिहिलेलं कुठे चुकलं ते बघा, म्हणजे "माहिती नाही" लिहिलं होतं त्या माणसाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, असं एक तरी नाव निघतंच. मग त्याचे फक्त पहिले दोन प्रसंग परत वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. पहिल्यांदा वाचताना ज्या वाक्यावरून आपण घाईत पुढे सरकलो होतो ते तिथेच असतं, साधंच, कॉफीच्या मशीनजवळ उभं राहून बोललेलं.