व्हायोलेट जेकब वाचायच्या कशा

व्हायोलेट जेकब (१८६३–१९४६) या स्कॉटलंडच्या अँगस भागातल्या कवयित्री आणि कादंबरीकार. लष्करी अधिकाऱ्याची पत्नी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या काही वर्षे महूला राहिल्या. ज्या महूत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, तेच हे गाव. तिथली त्यांची दैनंदिनी आणि पत्रे इंग्रजीत आहेत, ती सवडीने वाचावीत.

आरंभ मात्र कवितेपासून करावा. १९१५ सालच्या ‘साँग्ज ऑफ अँगस’ या त्यांच्या कवितासंग्रहातली स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडची इंग्रजीला जवळची भाषा, नुसती डोळ्यांनी वाचली, तर बिघडलेल्या इंग्रजीसारखी वाटते. मालवणी कधी न ऐकलेल्याला ‘खंय’ आणि ‘माका’ अशुद्ध वाटावेत, तशीच ही चूक आहे. म्हणून लोकलच्या गर्दीत नव्हे, तर घरी निवांतपणे, मोठ्याने वाचावे. ‘हेम’ म्हणजे घर, ‘बेर्न’ म्हणजे मूल, ‘केन’ म्हणजे ठाऊक असणे. एवढ्या शिदोरीवर सुरुवात होते. पहिल्या वाचनात अडलेल्या शब्दावर थांबू नये. दुसऱ्या वाचनाच्या वेळी ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ हा इंटरनेटवरचा विनामूल्य कोश उघडावा.

पहिली कविता ‘द वाइल्ड गीज’ घ्यावी. गावापासून दूर असलेला माणूस उत्तरेच्या वाऱ्याला वाटेत काय पाहिलेस म्हणून विचारतो, वारा टे नदीचे आणि उडणाऱ्या रानहंसांचे वर्णन करू लागतो, आणि शेवटी तोच माणूस, आता ऐकवत नाही, गप्प राहा, अशी त्याला विनवणी करतो. गणपतीला गावी जाता न आलेल्या लालबागच्या चाकरमान्याला याहून अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

कान तयार झाला की ‘फ्लेमिंग्टन’ (१९११) ही कादंबरी घ्यावी. त्याआधी एवढे जाणून घ्यावे की १७४५ साली स्ट्युअर्ट या पदच्युत राजघराण्याला ब्रिटनची गादी परत मिळवून देण्यासाठी उठाव झाला आणि एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर तो मोडला. आर्ची हा सरकारपक्षाचा हेर चित्रकार बनून बंडखोरांच्या घरात शिरतो आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्या जेम्स लोगीविषयीच त्याला जिव्हाळा वाटू लागतो. निवेदन इंग्रजीत आणि सामान्य माणसांचे बोलणे स्कॉट्समध्ये, ही रचना आपल्या ग्रामीण कादंबऱ्यांमुळे आपल्याला परिचित आहे. कुत्र्यांनी ओढलेल्या गाडीतून फिरणारा, पाय नसलेला गायक भिकारी स्कर्लिंग वॅटी येतो, ती पाने मात्र पुन्हा मोठ्यानेच वाचावीत.