वजन उचलताना ग्लोव्ह्ज घालायचे का? आधी तळहात बघा

मिरजेत मी सकाळच्या वेळी बायकांना वजनं उचलायला शिकवते. नवीन आलेली जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तळहात पुढे करून विचारते, "ताई, ग्लोव्ह्ज कुठले घेऊ?" बोटांच्या मुळाशी लाल ठिपके उमटलेले असतात, एखादा फोड आलेला असतो आणि घरी कुणीतरी "काय हे हात करून घेतलेस" म्हटलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे. हाताची कातडी निरोगी असेल आणि तुमचं काम हाताच्या मऊपणावर अवलंबून नसेल, तर ग्लोव्ह्जची गरज नाही. काम तसं असेल तर संकोच न करता घाला. पण दोन्हीकडच्या बायकांनी आधी बार, म्हणजे वजनं लावायचा लोखंडी दांडा, हातात नेमका कुठे बसतोय ते तपासायचं, कारण फोडांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

पकड

तळहात उघडून समोर धरा. बोटं जिथे तळहाताला जुळतात तिथे एक आडवी रेघ आहे. तिच्या जरा खाली, तळहातावर, दुसरी. या दोन रेघांमधल्या मांसल उंचवट्यावर घट्टे पडतात. शिकाऊ माणूस बार तळहाताच्या मधोमध ठेवून मूठ आवळतो. डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उभं राहत उचलणं) किंवा रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं) करताना वजन खाली ओढायला लागलं की बार घरंगळत बोटांकडे येतो आणि वाटेत त्या उंचवट्याची कातडी दुमडून चिमटीत धरतो. प्रत्येक वेळी वजन उचललं की तीच चिमटी, त्याच जागी. म्हणून ओढायच्या व्यायामात बार सुरुवातीलाच बोटांच्या मुळाशी ठेवा, मग बोटं गुंडाळा आणि शेवटी अंगठा वरून आणा. मूठ अपुरी भरल्यासारखी वाटेल. थोड्या सरावानं ते वाटणं जातं. पुल-अप आणि लॅट पुलडाउनलाही (मशीनचा वरचा दांडा छातीकडे ओढणं) हेच करायचं.

बेंच प्रेस, शोल्डर प्रेस अशा ढकलायच्या व्यायामात मात्र बार खाली, मनगटाच्या जवळ बसवायचा. वजन थेट कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडांवर आलं पाहिजे. मनगट मागे वाकलं असेल तर ते आधी सरळ करा. ग्लोव्ह्जला जोडलेल्या वेल्क्रोच्या पट्ट्यानं ते सरळ होत नाही, फक्त घट्ट बांधल्यासारखं वाटतं.

आणि अंगठी काढा. अनामिकेच्या मुळाशी सगळ्यात मोठा घट्टा ज्यांना पडतो, त्यांच्या बोटात बहुतेक वेळा अंगठी असते. बार आणि अंगठी यांच्यामध्ये कातडी सापडते. वरून ग्लोव्ह घातला तर अंगठी आणखी दाबली जाते, सुटत नाही. ज्यांना बांगड्या काढायच्या नसतात त्यांना मी त्या कोपराच्या दिशेनं वर सरकवून कापडी पट्टीत बांधायला सांगते. केटलबेल (वर कडी असलेलं गोल वजन) मनगटावर आदळली की काचेची बांगडी फुटते आणि काच हातात जाते, त्यामुळे केटलबेलच्या दिवशी काचेच्या बांगड्या घरीच ठेवायच्या.

ग्लोव्ह घातला की बार जाड होतो

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो. बायकांचा १५ किलोचा, २५ मिलिमीटरचा. बायकांसाठी तो मुद्दाम बारीक केलेला आहे, कारण लहान हाताची बोटं त्याच्याभोवती पूर्ण मिटतात. आता गादीचे ग्लोव्ह्ज घाला. गादी ३ मिलिमीटरची धरली, तरी ती तळहाताच्या बाजूनंही येते आणि बोटांच्या बाजूनंही, म्हणजे २५ चे ३१ झाले. वजनाखाली गादी थोडी दबते हे खरं, पण मूठ त्यामुळे उघडीच राहते. बार जितका जाड तितकी पकड आधी सुटते. पाठीत आणि मांड्यांत ताकद शिल्लक असते आणि सेट, म्हणजे सलग उचलण्याची फेरी, मात्र बोटांमुळे संपतो. घरी डंबेल असतील तर करून बघा. एकच डंबेल एकदा मोकळ्या हातानं आणि एकदा ग्लोव्ह घालून, हात खाली सोडून, दमेपर्यंत धरा. मध्ये पुरेशी विश्रांती घ्या. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

बारवर जे खरखरीत दाते कोरलेले असतात, त्यांना आम्ही नर्लिंग म्हणतो. ते कातडीत रुतावेत म्हणूनच असतात. ग्लोव्हचं कापड तळहातावर सरकत असेल तर बार कापडाला पकडून राहतो आणि हात आतून निसटतो. घामानं ओल्या झालेल्या ग्लोव्हमध्ये हे हमखास होतं, आणि आत दुमडलेल्या कापडामुळे फोडही येतात. ज्यासाठी ग्लोव्ह घातला, तेच.

घाम येत असेल तर चॉक

बऱ्याच जणी ग्लोव्ह्ज मागतात तेव्हा खरी अडचण घामाची असते. त्यावर चॉक वापरा. वेटलिफ्टिंगच्या मंचाशेजारी पांढऱ्या भुकटीचं भांडं ठेवलेलं असतं ना, तेच हे चॉक. रासायनिक नाव मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम शोषून ते तळहात कोरडा ठेवतं. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट) महासंघाच्या स्पर्धांमध्ये तर ग्लोव्ह्ज चालतच नाहीत. चॉक आणि अंगठ्याभोवती पट्टी चालते.

शाळेतला खडू हे काम करत नाही. टाल्कम पावडर तर अजिबात लावू नका. पॉवरलिफ्टर डेडलिफ्टच्या वेळी मांड्यांना टाल्कम लावतात ते बार मांडीवरून सहज सरकावा म्हणून. हाताला लावलं तर तो हातातूनही तसाच सरकेल. चॉक अगदी थोडं घ्या, तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूला चोळा, जादाचं झटका. जिममध्ये भुकटी चालत नसेल तर द्रवरूप चॉक मिळतं. त्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे हाताला चिरा असतील तर झोंबतं. काम झालं की ब्रशनं बार घासून ठेवा. नर्लिंगमध्ये अडकलेलं चॉक आणि घाम ओल धरून ठेवतात आणि पावसाळ्यात बार लवकर गंजतो.

वजन पेलतंय पण मूठच सुटतेय, असं असेल तर तो प्रश्न ग्लोव्ह्जचा नाही. डेडलिफ्ट आणि रोइंगच्या सगळ्यात जड सेटपुरते कापडी स्ट्रॅप (मनगटातून बारला गुंडाळायच्या पट्ट्या) वापरा, हलके सेट मोकळ्या हातानं करा, म्हणजे पकडही वाढत राहते. क्लीन करताना, म्हणजे बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांवर घेताना, स्ट्रॅप कधीही बांधू नका. बार टाकायची वेळ आली तर हात त्यात अडकून मनगट मोडू शकतं.

कोणी घालावेत

माझ्याकडे येणाऱ्यांत नर्स बऱ्याच आहेत, मिरज हे दवाखान्यांचं गावच आहे. त्यांचे हात ड्युटीभर साबणानं आणि सॅनिटायझरनं धुतले जातात, कातडी आधीच कोरडी आणि चिरलेली असते. तिथे घट्टा फाटला तर जंतूंना वाट मिळते आणि रुग्णालाही धोका. त्यांनी ग्लोव्ह्ज घालावेत. साडीच्या दुकानात काम करणाऱ्यांनीही. इरकल किंवा पैठणी उलगडताना खरखरीत तळहातात रेशमाचा धागा अडकतो, एक धागा ओढला गेला की साडी गेली, आणि ते नुकसान कुणाच्या तरी पगारातून जातं. मसाज करणाऱ्या, फेशियल करणाऱ्या बायका, तान्ह्या बाळाला रोज तेल लावणाऱ्या आया, यांचंही तेच. हात हे त्यांचं कामाचं साधन आहे आणि ते जपणं हा नाजूकपणा नव्हे.

सतार वाजवणाऱ्यांबद्दल इथे हमखास विचारलं जातं. सतारीचे घट्टे डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर असतात, बारचे बोटांच्या मुळाशी. दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, आणि अर्ध्या बोटांचे ग्लोव्ह्ज टोकं झाकतही नाहीत. त्यांनी वेळेचा विचार करावा: जड ओढायचे व्यायाम रियाजानंतर करा, आधी केले तर हात भरून येतो आणि मींड नीट निघत नाही.

एक्झिमा असेल, निकेलची अ‍ॅलर्जी असेल आणि मुलामा दिलेल्या बारनं खाज सुटत असेल, तर ग्लोव्ह्ज घाला आणि त्वचेच्या डॉक्टरांना हात दाखवा. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झाली असेल तर ग्लोव्ह्ज हवेतच. शिवाय व्यायाम संपल्यावर उजेडात दोन्ही तळहात नीट बघायचे, कारण जखम दुखली नाही तर लक्षातच येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनीही घालावेत.

घ्यायचे असतील तर

दुकानात हात घालून मूठ मिटा. तळहातावर कापडाची घडी जमली तर ते ग्लोव्ह्ज परत ठेवा, मग किंमत काहीही असो. तळव्याची बाजू पातळ हवी, अर्ध्या बोटांचे हवेत, हाताची वरची बाजू जाळीची असावी. मऊ बकरीचं कातडं चांगलं, पण ते सुकायला वेळ लागतो. आमच्याकडच्या पावसात सिंथेटिक सोयीचं. दुसऱ्याचे घालू नका. घरी गेल्या गेल्या बॅगेतून काढून वाऱ्यावर टाका, सौम्य साबणानं हातानं धुवा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात दोन जोड ठेवले तर दमट ग्लोव्ह घालायची वेळ येत नाही.

मोकळ्या हातानं करणाऱ्यांनी घट्टे जपायचे

पातळ, सपाट घट्टा चांगला. तो कातडी वाचवतो. वर आलेली कड वाईट, कारण बार तिला पकडून सालपट काढतो. अंघोळीनंतर कातडी मऊ असताना टाचा घासायची वजरी त्या कडेवरून हलकी फिरवा. घट्टा पूर्ण काढायचा नाही, आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला आणायचा. ब्लेड लावू नका. रात्री खोबरेल किंवा कोकमतेल चोळा. सकाळी व्यायामाला येताना हात धुऊन कोरडे करून या.

फोड आला तर फोडू नका आणि बरा होईपर्यंत ओढायचे व्यायाम थांबवा. स्क्वॉट आणि पायाची मशीनं चालू ठेवता येतात. घट्टा फाटलाच तर साबण-पाण्यानं धुवा, लोंबणारी कातडी स्वच्छ कात्रीनं कापा, ओढून काढू नका. वर व्हॅसलीन लावून पट्टी बांधा आणि रोज बदला. लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. गंजलेल्या बारनं हात कापला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं हेही त्यांना सांगा.